श्रावणात मीठ आणणारी धुरपा

फार वर्षांपूर्वी, डोंगराला अजून गाडीवाट ठाऊक नव्हती आणि ढगांना माणसांची भीड नव्हती, तेव्हा सह्याद्रीच्या माथ्यावर डोणमाथा नावाचं एक गाव होतं. त्या गावात एक घर होतं. घरात कोंडाई नावाची सासू होती, बमू नावाचा तिचा एकुलता एक लेक होता आणि धुरपा नावाची त्याची नवी बायको होती. चौथा होता हैबती. तो रेडा. त्याला घरातला धरायचा की गोठ्यातला, यावर मायलेकांचं कधी एकमत झालं नाही.

गाव एवढंसं. उगवतीकडे देश, मावळतीकडे तुटलेला कडा आणि कड्याखाली कोकण. एवढ्या उंचावर माणसं खात काय होती, असं कुणीही विचारील. भात तिथे व्हायचा नाही, ज्वारी उभ्या उभ्या कुजायची. उतारावर नाचणी आणि वरी, रानात हिरडा आणि मध, आणि गोठ्यात म्हशी. म्हशींचं तूप हीच त्या गावाची लक्ष्मी. तूप भरायचं बुधल्यात. बुधला म्हणजे चामड्याची घागर, पोटाला फुगलेली आणि गळ्याला बारीक. तोंड मधमाशीच्या मेणानं बंद करायचं आणि होळी झाली की निसणीच्या नाळेनं कोकणात उतरायचं. नाळ म्हणजे डोंगराला वरपासून खालपर्यंत गेलेली चीर. उन्हाळ्यात तिच्यातून माणसं जायची, पावसाळ्यात पाणी जायचं. खाली मिठागरांवर तूप द्यायचं, मीठ घ्यायचं आणि वर यायचं. मृग लागायच्या आत वर्षाचं मीठ गावात पोचलं की गाव निश्चिंत.

मीठ काय ते डोंगरातल्या माणसाला विचारावं. नाचणीच्या आंबिलीला मीठ लागतं, ते तर झालंच. पण पावसाळ्यात त्या रानात पानापानावर जळवा उभ्या असतात. माणसाच्या पायाला लागतात, म्हशीच्या नाकात शिरतात. नाकात जळू शिरली की रेडकू चारा सोडतं आणि वाळत जातं. त्यावर औषध एकच, मिठाचं पाणी. शिवाय म्हशीला मीठ चाटायला मिळालं नाही तर ती दूध चोरते. म्हणून त्या गावात मीठ सांडलं तर बायका गुडघ्यांवर बसून वेचायच्या.

आता हे मीठ पावसात टिकवायचं कसं? तिथला ढग नुसता आभाळात राहत नाही, दार उघडं दिसलं की पाहुण्यासारखा आत येऊन बसतो. उशी ओली, भिंत ओली, माणसाचा श्वाससुद्धा ओला. तेव्हा साऱ्या गावाचं मीठ एकाच माळ्यावर ठेवायची रीत होती, आणि तो माळा कोंडाईच्या घरात होता. कारण तिच्या घरची चूल गावात सगळ्यांत मोठी. जांभळीचा आख्खा ओंडका तिच्या पोटात मावायचा. खाली चूल धुमसत राहायची आणि वर मिठाच्या कणग्या कोरड्या राहायच्या. कोंडाईला त्या चुलीचा भारी तोरा. म्हणायची, "गावाची जीभ माझ्या माळ्यावर आहे."

धुरपा होती खाडीकाठची. तिचे आजे-पणजे डोंगरातलेच, पण कुठल्याशा वाईट सालात खाली उतरले आणि मिठागरावर राबून तिकडचेच झाले. तिनं जन्मापासून मीठ पाहिलं ते उघड्या आभाळाखाली. टेकाडासारखे ढीग, त्यावर गवताचं छप्पर, झालं. चुलीवर मीठ जपतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. माळ्यावर मीठ आहे हे तिला माहीत होतं, चूल मोठी आहे हेही माहीत होतं. पण ह्याचा त्याच्याशी काय संबंध, हे ना सासूनं सांगितलं ना नवऱ्यानं. रोजच्या गोष्टी कोण कुणाला सांगतं?

आणि आषाढात गावातला सगळ्यांत जुना माणूस गेला. सिदूबाबा त्याचं नाव. असा माणूस गेला की राख सावडेपर्यंत साऱ्या गावाच्या चुली थंड ठेवायच्या, ही त्या गावची रीत. पलीकडच्या वाडीतून भाकऱ्या यायच्या. पण खरी गोष्ट अशी की चुली कुणी पुरत्या थंड करत नसे. ज्वाळा विझवायच्या, वरून राख ओढायची आणि आत निखारा तसाच धुमसू द्यायचा. तो सगळ्यांना माहीत असायचा, पण त्याचं नाव कुणी काढायचं नाही. नाव काढलं तर रीत मोडली.

कोंडाई सिदूबाबाच्या घरी बायकांत बसायला गेली. बमू खांदा द्यायला गेला, आणि परतताना शेवाळावर घसरून त्यानं पाय मोडून घेतला. त्याला तिथल्याच ओटीवर निजवला. घरात राहिली एकटी धुरपा. तिनं चुलीत पाहिलं तर राखेखाली ओंडका लालबुंद. सासरची एवढी मोठी रीत आणि आपल्या हातून राहून गेली! कुणी पाहिलं तर म्हणतील, खाडीवरचीला वळण नाही. तिनं घागर उचलली आणि सगळीच्या सगळी चुलीत ओतली. ओंडका सूं सूं करत काळा पडला. धुरपानं पदरानं हात पुसले आणि तिला बरं वाटलं.

मग दाराच्या फटीतून ढग आत आला.

राख सावडून झाल्यावर कोंडाई घरी आली. उंबऱ्याशीच थांबली. माळ्यावरून थेंब पडत होते, एका ठिकाणी नाही, सगळीकडून. तिनं एका थेंबाखाली बोट धरलं आणि बोट जिभेला लावलं. मग चुलीत हात घातला. चूल मढ्यासारखी गार. एरवी भाकरी जराशी करपली तर शिवारापलीकडे ऐकू जाईल अशी ती बाई, पण त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. खाली बसली आणि पदरानं जमीन टिपू लागली. धुरपाला जे कळायचं ते तेव्हा कळलं.

पावसाचे मोठे महिने तर अजून पुढेच होते. गावात मिठाचा खडा राहिला नाही. आंबील अळणी, तोंडं अळणी. पोरं भिंती चाटायला लागली. म्हशींनी पान्हा आवरला. रेडकांच्या नाकातून रक्त यायला लागलं. जाखोबा म्हणून गावाचा कारभारी होता, त्यानं देवळात माणसं बसवली.

"बोलून फायदा नाही," जाखोबा म्हणाला, "पण न बोलूनही चालायचं नाही. पोर नादान आहे, ते खरं. पण उद्या रेडकं मेली तर प्रत्येक घरातून हिला शिव्या पडतील. दिवाळी झाली, नाळेतलं पाणी ओसरलं की बमूनं हिला बापाकडे सोडून यावी. तिलाही सुख, आपल्यालाही सुख."

बमू पायाला बांबूच्या पट्ट्या बांधून कोपऱ्यात बसला होता. तो उठू गेला आणि कळ येऊन खाली बसला. सगळ्यांनी कोंडाईकडे पाहिलं. कोंडाई म्हणाली, "शिव्या द्यायच्या त्या मी देईन. तुम्ही कशाला घसा कोरडा करता?" पण तिनं नाहीही म्हटलं नाही. धुरपानं ते ऐकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपानं हैबतीच्या पाठीवर घोंगडं टाकलं.

"कुठं निघालीस?" कोंडाईनं विचारलं.

"खाली. बापाकडून मीठ आणते."

"श्रावणात? निसणीनं? अगं, त्या वाटेनं सध्या खेकडासुद्धा उतरत नाही."

"मी विझवली, आत्याबाई. मीच आणते."

"आणशील गं! आणि पाऊस काय छत्री धरून उभा राहील? गोणीत मीठ घालून निघालीस तर वर येईस्तोवर तुझ्या हातात नुसती गोणी राहील."

धुरपा हैबतीचा कासरा सोडायला लागली. कोंडाई आत गेली आणि तुपाचा बुधला घेऊन बाहेर आली. दुसरा आणला. तिसरा आणला.

"हे कशाला?"

"लग्नानंतर पहिल्यांदा व्याह्याच्या दारात जाते मी. रिकाम्या हातानं जाऊ? माझं नाक कापायला निघालीस?"

"तुम्ही कुठं येताय?"

"तू एकटी गेलीस तर गाव म्हणेल पळाली. मग मी काय तोंड दाखवू? चल, हल आता."

असं म्हणतात की त्या दोघी आणि तो रेडा गावातून निघाले तेव्हा बाप्ये घरात बसून राहिले, पण दरएक दारातून एक एक बाई बाहेर आली. प्रत्येकीनं आपल्या घरचा तुपाचा बुधला हैबतीच्या पाठीवर अडकवला आणि मागं फिरली. शेवटच्या दारातून आली ती जाखोबाची बायको. ती तेवढं म्हणाली, "ह्यांना सांगू नका." हैबती असा भरला की फक्त शिंगं आणि खूर दिसत होते.

नाळ उतरताना काय झालं ते सांगायला कुणी तिसरं नव्हतं. पण असं म्हणतात की पाणी कमरेला लागत होतं आणि दगड पायाखालून निघून आधी कोकणात पोचत होते. धुरपा पुढे, मधे हैबती, मागे कोंडाई त्याचं शेपूट धरून. ढगात एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं. पण कोंडाईच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू होता. "खाडीवरची पोरगी करायला मीच गेले होते नाचत. रंग बघितला, केस बघितले. अक्कल बघायची राहिली!" धुरपाला त्या शिव्यांचा मोठा आधार वाटला. शिव्या ऐकू येतायत तोवर सासू पडली नाही, हे तिला कळत होतं. जिथे कोंडाई गप्प व्हायची तिथे धुरपा थांबायची आणि हाक मारायची, "आत्याबाई, अक्कल म्हणत होतात!" की मागून पुन्हा सुरू.

अशा त्या खाली पोचल्या. धुरपाचा बाप नागू मिठागराच्या बांधावर उभा होता. डोंगरातून पावसाळ्यात माणूस उतरलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आधी त्याला भुतं वाटली. मग लेक ओळखू आली आणि त्याचा चेहरा पडला.

"विहीणबाई... ह्या दिवसांत? पोरीचं काही चुकलं का?"

"चुकलं तर खरं," कोंडाई म्हणाली. "पण परत करायला नाही आले. घाबरू नका. आधी हे तूप उतरवून घ्या. माझ्या पाठीला आग लागली आहे आणि रेड्याची तर बोलायची सोय नाही."

नागूनं सगळं ऐकून घेतलं. मग लेकीला घेऊन छपराखालच्या ढिगापाशी गेला. पांढराशुभ्र ढीग, घराएवढा. म्हणाला, "हवं तेवढं ने. पण पोरी, गोणीतून नेलंस तर अर्ध्या डोंगरात तुझ्या पाठीवरून समुद्र वाहील. दिवाळीपर्यंत थांब इथंच."

थांब इथंच! बापानं मायेनं म्हटलं, पण जाखोबाही तेच म्हणाला होता. धुरपा ढिगाशी उकिडवी बसली आणि तिला रडू कोसळलं. आपल्याच बापाचं मीठ, हात लांब केला की मिळतंय, आणि एक खडा वर जाऊ शकत नाही.

इकडे बायकांनी तूप मडक्यांत ओतून घेतलं आणि रिकामे बुधले अंगणात टाकून दिले. धो धो पाऊस. कोंडाईनं ते पाहिलं.

"अगं ए धुरपे! रडतेस काय, बुधले भिजतायत माझे! एकेक बुधला कमवायला वर्ष लागतं!"

धुरपा डोळे पुसत धावली. बुधला उचलला. पाणी त्याच्यावरून मोत्यासारखं घरंगळून गेलं. तिनं हात फिरवला. वर्षानुवर्षं तूप पिऊन ते चामडं असं मऊ आणि चिकण झालं होतं की पावसाला त्याच्यावर उभं राहायला जागा मिळत नव्हती. बाहेरून कोरडं. तिनं बुधला उलटा केला, आत हात घालता येईना म्हणून गळ्याशी तोंड नेलं आणि हुंगलं.

"आत्याबाई, भिजत नाहीत हे."

"भिजत नाहीत कसे? पाऊस दिसत नाही तुला?"

"तूप आतून बाहेर येत नाही ना यातून? मग पाणी बाहेरून आत कसं जाईल?"

कोंडाईनं बुधल्यावर बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "मेण माझ्याकडे आहे." आणि कनवटीतून तिनं मेणाचे गोळे काढले. बुधले उघडताना निघालेलं मेण तिनं टाकलं नव्हतं. ती काहीच टाकत नसे.

मग त्या खाडीवर कधी झालं नव्हतं ते झालं. बुधल्याचा गळा बारीक, त्यातून खडे जाईनात. आणि समुद्राचं मीठ अंगात ओल धरून असतं, तसंच भरलं तर आतल्या आत पाझरणार. म्हणून धुरपानं घराघरातून खापरं मागून आणली. मीठ खापरावर भाजायचं, तडतडेपर्यंत. मग निववायचं, पाट्यावर बारीक करायचं आणि केळीच्या पानाची नळी करून बुधल्यात सोडायचं. खाडीवरच्या साऱ्या बायका येऊन बसल्या. सगळ्या वस्तीत मीठ तडतडत होतं.

"मीठ भाजून नेणारी सून," कोंडाई पाटा ओढताना म्हणाली. "वर सांगितलं तर माझ्या डोक्यावर परिणाम झाला म्हणतील."

नागूची बायको म्हणाली, "आमच्या पोरीनं काही धड केलं म्हणायचं का मग?"

"अजून वर पोचायचंय," कोंडाई म्हणाली. पण असं म्हणताना ती पहिल्यांदा हसली.

बुधले भरले, मेणानं बंद केले, वरून पुन्हा तुपाचा हात फिरवला. पाऊस जरासा उघडल्यासारखा वाटला तशा त्या निघाल्या. नागू नाळेच्या तोंडापर्यंत आला. त्याला पुढे येऊ दिलं नाही. धुरपा म्हणाली, "बाबा, तुम्ही आलात तर वरचे म्हणतील बापानं पोचवलं."

अर्धा डोंगर बरा गेला. मग वरून आवाज आला. डोंगरातल्या माणसाला तो आवाज माहीत असतो. माथ्यावर ढग फुटला होता आणि ते सगळं पाणी नाळेत शिरून खाली येत होतं. कोंडाई कडेच्या खडकावर होती. तिला चढून बसायला जागा मिळाली. धुरपा आणि हैबती नाळेच्या ऐन मध्यात. दोन्ही बाजूंना भिंतीसारखा कडा, पुढे पाणी. हैबतीनं पाय रोवले आणि मान खाली घातली. एक बुधला दोरीतून सुटला आणि घरंगळत निघाला. धुरपानं कासरा सोडला नाही, पण दुसरा हात लांब करून बुधल्याचा गळा धरला. एका हातात रेडा, एका हातात मीठ, समोर डोंगराएवढं पाणी.

"सोड तो बुधला!" कोंडाई ओरडली. "सोड आणि कड्याला धर!"

"नाही सोडायची!"

"अगं मरशील!"

"एकदा माझ्या हातनं मीठ गेलंय, आत्याबाई! हे नाही जाऊ द्यायची!"

तेव्हा कोंडाई खडकावर उभी राहिली. कमरेला पदर खोचला, वर माथ्याकडे तोंड केलं आणि डोंगराला म्हणाली, "अरे ए मुडद्या! डोळे फुटले का तुझे? कुणावर पाणी सोडतोस? सून आहे ती माझी! माझ्या घरची सून! तुझ्याच गुरांना मीठ घेऊन चालली आहे. वर्षानुवर्षं तुझी राखण केली, तुला तुपाचा दिवा लावला, आणि माझ्या घरची लक्ष्मी तू वाहून नेणार? हात लावून तर बघ तिला! दगड दगड करून विकीन तुला कोकणात!"

असं म्हणतात की पाणी थांबलं. आलं तसं धुरपाच्या वर वावभर अंतरावर उभं राहिलं, जशी अंगावर खेकसल्यावर म्हैस दारात उभी राहते. मग दुभंगलं. अर्धं या कड्याला चिकटून गेलं, अर्धं त्या कड्याला, आणि मधे नाळेचे दगड कोरडे दिसू लागले. हैबती त्यांच्यावरून डुलत डुलत वर चढला, जसा काही चैत्र महिना आहे. धुरपा त्याच्या मागे. कोंडाई खडकावरून उतरली आणि त्यांच्या मागे. ती वर पोचेपर्यंत डोंगराकडे रोखून बघत होती, असंही सांगतात, कारण नजर काढली असती तर त्यानं पुन्हा पाणी सोडलं असतं.

सारं गाव नाळेच्या तोंडाशी गोळा झालं होतं. दोन बायका आणि एक रेडा ढगातून वर येताना दिसले तेव्हा पोरांनी आरोळी ठोकली. बमू काठीवर रेलून उभा होता. त्यानं आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि कुणाला आधी हात द्यावा ते न कळून हैबतीच्या गळ्यात पडला.

जाखोबा पुढे आला. बुधले पाहिले. म्हणाला, "तूपच परत आणलंत? मीठ कुठाय?"

धुरपानं हैबतीच्या पाठीवरचा एक बुधला सोडून कोंडाईपुढे धरला. मेणाखाली काय आहे ते तिलाही माहीत नव्हतं. एवढ्या पाण्यातून, एवढ्या ढगातून आलेलं. आत खारं पाणी निघालं तर सगळं तिथेच संपणार होतं.

कोंडाईनं विळ्याच्या टोकानं मेण फोडलं. बुधला तिरका केला. क्षणभर काहीच आलं नाही. मग सर्र आवाज झाला आणि तिच्या ओंजळीत मीठ पडलं. पांढरं, मोकळं, रव्यासारखं. फुंकर मारली तर उडेल इतकं कोरडं. पहिल्यांदा म्हशींना वास लागला. गोठ्यागोठ्यांतून त्या हंबरायला लागल्या.

जाखोबानं हात पुढे केला. पहिला मान कारभाऱ्याचा, ही रीतच होती. कोंडाईनं त्याच्या हाताकडे पाहिलंही नाही. चिमूटभर मीठ उचललं आणि धुरपाला म्हणाली, "आ कर."

"आत्याबाई, सगळ्यांच्या आधी मी कशी..."

"आ कर म्हणते ना! आजवर शिव्या खाल्ल्यास माझ्या, आता मीठ खा."

आणि तिनं ती पहिली चिमूट सुनेच्या जिभेवर ठेवली. दुसरी चिमूट ठेवली हैबतीच्या जिभेवर. मग उरलेलं गावाला.

रेडकं वाचली. म्हशींनी पान्हा सोडला. आणि पुढची गोष्ट अशी झाली की डोणमाथ्याला श्रावणात कोरडं मीठ मिळतं ही बातमी डोंगराच्या पाठीवरून देशावर उतरली. तिकडच्या गावांचंही मीठ पावसात पाझरायचंच. ते लोक ज्वारी, बाजरी, गूळ, मिरच्या घेऊन वर यायला लागले आणि बुधल्यातलं मीठ घेऊन जायला लागले. ज्या महिन्यांत ते गाव ढगात बुडून उपाशी बसायचं, त्याच महिन्यांत तिथे बाजार भरू लागला. खालून तुपाच्या बदल्यात मीठ, वर मिठाच्या बदल्यात धान्य. गावानं कोंडाईच्या घरापुढेच बाजाराची जागा केली. कोकणातली घरं आणि डोंगरातली घरं एकमेकांना मुली देऊ लागली. कुठल्याशा वाईट सालात तुटलेली नाती अशी मिठानं सांधली. नव्या सुनेला आता पहिल्याच दिवशी चुलीपाशी बसवून सगळं तोंडानं सांगतात, काय का करायचं ते. मनात ठेवत नाहीत.

आणि अजून तिथे श्रावणातल्या एका सकाळी सगळं गाव नाळेच्या तोंडाशी जमतं. धुरपाईचा दिवस म्हणतात त्याला. जुने बुधले बाहेर काढून तूप लावतात. घरोघरची सासू मेण फोडते आणि पहिली चिमूट आपल्या सुनेच्या जिभेवर ठेवते. ज्या सासूचं सुनेशी वर्षभर पटलेलं नसतं तीसुद्धा ठेवते, तोंड दुसरीकडे करून का होईना. दुसरी चिमूट म्हशींना. पुरुष शेवटी. ते हात पसरून ओळीनं उभे असतात आणि त्यांना कुणी घाई करू देत नाही. कारभारी सगळ्यांच्या शेवटी.

पाय बरा झाल्यावर बमूनं बुधले शिवायची कला धरली. त्याच्या हातचा बुधला पाझरत नाही, अशी ख्याती झाली. धुरपाला मुली झाल्या, मुलगे झाले. एका घराचा पुढे गोतावळा झाला, गोतावळ्याची वाडी झाली. कोंडाई पिकल्या पानासारखी होईपर्यंत जगली आणि शेवटच्या दिवसापर्यंत सुनेला शिव्या देत राहिली. पण कुणी पाहुणा आला की त्याला आधी ओटीवर बसवायची आणि सांगायची, "डोंगर थांबला होता हिच्यासाठी. ऐकायचंय?" आणि धुरपा आतून म्हणायची, "माझ्यासाठी नाही, ह्यांच्या तोंडाला भिऊन थांबला." मग घरात जो हशा उठायचा तो पार खाली मिठागरापर्यंत ऐकू जायचा, असं म्हणतात. त्या वाडीतली एकही सून आजवर माहेरी परत पाठवली गेलेली नाही, आणि तिथल्या म्हशींच्या दुधाचा फेस अजून चरवीच्या काठावरून उतू जातो.